मखराची एलईडी पट्टी बॅटरीवर चालवताना

चतुर्थी आठ दिवसांवर आली की कुडाळ, कणकवली, चिपळूण, कुठल्याही बाजारात इलेक्ट्रिकच्या दुकानाबाहेर एलईडी पट्टीचे रोल टांगलेले दिसतात. भाद्रपदातला पाऊस म्हटला की लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून हल्ली बरेच जण मखराची रोषणाई बॅटरीवर चालवायचं ठरवतात. ठरवतात ते योग्यच. पण ‘बारा व्होल्ट तर आहे, त्यानं काय होणार’ असं म्हणून दोन वायरी पिळून टर्मिनलला अडकवणारेही पुष्कळ आहेत. पहिल्यांदाच हे काम हातात घेणाऱ्यांनी हा लेख शेवटपर्यंत वाचावा, मगच बाजारात जावं.

बारा व्होल्टचा शॉक कोरड्या हाताला जाणवत नाही, हे खरं आहे. इथे भीती शॉकची नाही, आगीची आहे. यूपीएसमध्ये असते ती ७ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) छोटी बॅटरीसुद्धा शॉर्ट झाली तर क्षणभर शंभराच्या घरात अँपिअर सोडू शकते. पट्टीसोबत आलेली बारीक वायर तेवढ्या करंटने बघता बघता लाल होते आणि तिच्यावरचं प्लास्टिक पेटतं. घरच्या मेन लाइनला एमसीबी असतो, तो पडतो आणि आपण वाचतो. बॅटरीला असं कोणी राखण नसतं. आणि ही वायर जाते कुठून? बांबू, कापड, क्रेप कागद आणि सुकत चाललेल्या पानांच्या मखरातून, शेजारी समई तेवत असताना.

पट्टी कोणती, हे आधी बघा

बाजारात दिसायला सारख्या पण जातीने वेगळ्या पट्ट्या मिळतात. मीटरवर कापून देतात ती जाड पारदर्शक प्लास्टिकातली पट्टी बहुतेक वेळा २३० व्होल्टची असते. तिच्या पिनेजवळ एक छोटी डबी असते आणि ती थेट प्लगमध्ये जाते. त्या डबीत व्होल्टेज कमी होत नाही, फक्त एसीचं डीसी होतं; म्हणजे पट्टीच्या कापलेल्या टोकाला हात लागला तर मेन लाइनचाच झटका. ही पट्टी बॅटरीवर चालत नाही आणि मुलं मखराभोवती खेळत असतील तिथे ती लावूही नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याला हवी ती १२ व्होल्टची पट्टी. पाच मीटरचा रोल येतो, पट्टीवर ‘१२ व्ही’ छापलेलं असतं आणि साध्या एकरंगी पट्टीवर दर तीन एलईडींनंतर कात्रीची खूण असते. कापायची ती त्या खुणेवरच. यूएसबीवर चालणारी ५ व्होल्टची पट्टीही मिळते. तिला १२ व्होल्ट दिले तर ती तिथल्या तिथे जळते, म्हणून छापलेला आकडा वाचल्याशिवाय काही जोडू नका.

दुकानदाराला आणखी एक गोष्ट विचारा: मीटरला किती वॉट? बारीक एलईडींची, मीटरला ६० एलईडी असलेली नेहमीची पट्टी मीटरला ४.८ वॉटच्या आसपास खाते. मोठ्या चौकोनी एलईडींची, तेवढीच दाट पट्टी पूर्ण तेजावर १४.४ वॉटपर्यंत जाते. मखराला पहिली पुरून उरते. देवाच्या तोंडावर डोळे दिपवणारा पांढरा झोत पडण्यापेक्षा पिवळसर मंद उजेड छान दिसतो, आणि बॅटरीही तिप्पट टिकते.

आता हिशोब

कागद-पेन घ्या. समजा मखर तीन फूट रुंद आणि चार फूट उंच आहे. दोन बाजू आणि वरची कमान मिळून अकरा फूट, म्हणजे साधारण साडेतीन मीटर पट्टी. ३.५ गुणिले ४.८ म्हणजे १६.८ वॉट. त्याला १२ ने भागा: १.४ अँपिअर. संध्याकाळच्या आरतीपासून भजन उठेपर्यंत सहा तास धरले तर लागले ८.४ एएच.

पण याचा अर्थ ९ एएचची बॅटरी पुरेल असा होत नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरी, म्हणजे स्कूटर, यूपीएस आणि इन्व्हर्टरला असते ती, तळापर्यंत उपसली की लवकर मरते. अर्धीच वापरायची, असं धरून चाला. म्हणजे १७-१८ एएच हवी. शिवाय तिच्यावर लिहिलेले एएच हे साधारण वीस तासांत सावकाश रिकामी केल्यावर मिळणारे असतात. घाईने उपसलं तर त्याहून कमीच हाती येतात. लिथियम फॉस्फेट बॅटरी असेल तर ऐंशी टक्के बिनधास्त वापरता येते, त्यामुळे तिथे १२ एएचची भागते.

खर्च वाचवायचा असेल तर एक साधा १२ व्होल्टचा डिमर मध्ये टाका आणि पट्टी अर्ध्यावर चालवा. डोळ्यांना अर्धा उजेड अर्धा वाटत नाही, थोडासाच उतरल्यासारखा वाटतो. करंट मात्र जवळपास निम्मा होतो. मग वरच्याच मखराला ९ एएचची लेड-अ‍ॅसिड बॅटरी जेमतेम पुरते. नव्याने शिकणाऱ्याने मोठी बॅटरी घेण्याआधी हा डिमर घ्यावा.

घरात इन्व्हर्टर असेल तर ‘त्याच्याच बॅटरीवरून ओढू’ हा विचार येतोच. एकच १२ व्होल्टची बॅटरी असेल तर ओढता येतं, फ्यूज लावून आणि ती चार्ज होत नसताना. पण दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा इन्व्हर्टर असेल तर त्यातल्या एकीवरूनच १२ व्होल्ट काढू नका. ती एक बॅटरी रोज जास्त रिकामी होते, चार्जर दोघींना एकच समजून भरतो, आणि वर्षभरात जोडीतली एक बिघडून दुसरीलाही ओढून नेते. तिथे सरळ २४ व्होल्टची पट्टी घ्या. गाडीची बॅटरी काढून वापरायची असेल तर हेही लक्षात ठेवा, की ती इंजिन सुरू करण्यासाठी क्षणभर जोर देणारी असते, रात्रभर हळूहळू रिकामी होणं तिला सोसत नाही. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले लिथियमचे सेल संरक्षक सर्किटशिवाय एकत्र बांधून वापरणारे उत्साही लोकही भेटतात. देवासमोर तर नाहीच, कुठेही तसं करू नये.

फ्यूज: याला पर्याय नाही

सगळ्या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून एक वीत अंतराच्या आत फ्यूज बसवा. पट्टीजवळ बसवलेला फ्यूज निरुपयोगी, कारण वायर बॅटरी आणि फ्यूजच्या मध्ये चिरडली गेली तर तो काहीच करू शकत नाही. गाड्यांना असतात ते चपटे रंगीत फ्यूज आणि त्यांचा वायरसकट येणारा होल्डर ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात सहज मिळतो. आपल्या १.४ अँपिअरच्या पट्टीला ३ अँपिअरचा, जांभळ्या रंगाचा फ्यूज बरोबर. दाट पट्टीचा पूर्ण रोल म्हणजे ६ अँपिअर. तिथे साडेसातचा तपकिरी. फ्यूज उडाला तर मोठा घालून बघू नका, तो का उडाला ते शोधा. चांदीच्या कागदाची गुंडाळी किंवा तांब्याची तार घालणं म्हणजे फ्यूज न लावणंच.

फ्यूज वाचवतो वायरला, पट्टीला नाही. म्हणून वायर फ्यूजपेक्षा सरस हवी. एक एमएमची लवचीक तांब्याची वायर मखराच्या कामाला उत्तम. सहा अँपिअरच्या कामाला दीड एमएम घ्या. बारीक वायरीने आणखी एक नुकसान होतं. बॅटरी पाच मीटर लांब ठेवली तर करंट जाऊन-येऊन दहा मीटर धावतो. एक एमएमच्या वायरीत आपल्या पट्टीला पाव व्होल्टची घट येते, ती कळतही नाही. रोलसोबत आलेली बारीक वायर तशीच वाढवत नेली तर सव्वा व्होल्टच्या आसपास गळतो, आणि मग लोक म्हणतात पट्टी खराब निघाली. पट्टीतही असाच व्होल्ट गळतो. म्हणून एका रोलला दुसरा रोल शेपटासारखा जोडू नका. दोन्हींना बॅटरीकडून वेगवेगळी वायर द्या. पाच मीटरची दाट पट्टी शेवटाला पिवळी पडत असेल तर तिच्या दोन्ही टोकांना वायर द्या, उजेड सारखा होतो.

जोड आणि आपली खारी हवा

इतर ठिकाणच्या सल्ल्यांपेक्षा कोकणात हे काम वेगळं होतं ते इथे. पट्टीवर चिमटा बसवून जोडायचे प्लास्टिकचे कनेक्टर मिळतात. घाटावर कोरड्या हवेत ते वर्षानुवर्षं चालत असतील. किनाऱ्यालगतच्या घरात एका पावसाळ्यात त्यांचा खेळ संपतो. समुद्राकडच्या पडवीत लावलेली पट्टी दिवाळीला काढून बघा: चिमट्याच्या पितळी दातांवर आणि पट्टीच्या तांब्याच्या टिकल्यांवर हिरवट भुकटी चढलेली असते, नखाने खरवडली तर टिकलीच निघून येते. त्यातही प्लसची टिकली मायनसच्या आधी जाते, कारण ओल आणि डीसी करंट एकत्र आले की प्लसकडचं तांबं विरघळत जातं. असा अर्धा सुटलेला जोड तापतो, हा खरा धोका.

म्हणून डाग मारूनच जोड करा. टिकली बारीक पॉलिश पेपरने चमकवा, तिच्यावर आधी थोडं सोल्डर पसरवून घ्या, वायरीच्या टोकालाही सोल्डर पाजा, मग दोन्ही एकत्र धरून दोन-तीन सेकंद सोल्डरिंगची गरम इस्त्री टेकवा. जास्त वेळ टेकवली तर टिकली उखडते. कल्हईची वायर, म्हणजे तांब्यावर चंदेरी मुलामा असलेली, मिळाली तर तीच घ्या. जोडावर हीट श्रिंक नळी, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी, चढवा आणि तिच्या दोन्ही तोंडांत सिलिकॉन भरा.

सिलिकॉन घेताना वास घेऊन बघा. बाथरूमच्या फटी बुजवायला वापरतात त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. सुकताना त्यातून अ‍ॅसिड सुटतं आणि ते तांबं खातं. जोड वाचवायला लावलेलं सिलिकॉनच जोड खाऊन टाकतं. दुकानात ‘न्यूट्रल’ सिलिकॉन मागा, त्याला तो वास नसतो.

मखरासाठी नळीत बसवलेली, आयपी ६७ (म्हणजे पाणी-धूळ आत न शिरणारी) लिहिलेली पट्टी घ्यावी, आत घरात असली तरी. कारण वर माटवी, म्हणजे गणपतीवर टांगलेली पानाफळांची चौकट, असते. तेरडा, कवंडळं, हरणं, आंब्याचे टाळ, सगळं पावसात भिजूनच रानातून आलेलं असतं आणि त्याचं पाणी रात्रभर खाली ठिबकत राहतं. ठिबकलेलं पाणी पट्टीच्या कापलेल्या टोकातून आत शिरतं आणि नळीच्या आतल्या आत हात-हातभर पुढे सरकतं. तेव्हा पट्टी कापली की ते टोक टोपी लावून सिलिकॉनने बंद झालंच पाहिजे. आणि पट्टी वाकवून लावताना जोड कमानीच्या माथ्यावर येऊ देऊ नका, बाजूच्या खांबावर, आडोशाला आणा.

पट्टीमागचा चिकटपट्टा चुन्याच्या किंवा जांभ्याच्या भिंतीवर टिकत नाही. बांबूला किंवा लाकडी पट्टीला प्लास्टिकच्या क्लिपने बसवा. टाचणी किंवा खिळा पट्टीतून आरपार मारू नका, आतल्या दोन रेषा त्यानेच शॉर्ट होतात. उरलेली पट्टी गुंडाळलेल्या स्थितीत पेटती ठेवणं हेही धोक्याचं आहे. गुंडाळीच्या मधल्या भागाची उष्णता बाहेर पडायला वाट नसते. जास्तीची पट्टी कापून टाका.

चार्जिंग चालू असताना पट्टी तापते ती का

बऱ्याच जणांच्या ध्यानात न येणारी गोष्ट. ‘बारा व्होल्टची’ बॅटरी बारा व्होल्टवर फारशी नसतेच. लेड-अ‍ॅसिड भरलेली, शांत असेल तर १२.७, अर्धी रिकामी १२.१ च्या आसपास; चार्जर लावलेला असताना १४.४ पर्यंत. लिथियम फॉस्फेट तर पूर्ण भरताना १४.६ ला जाते.

पट्टीत तीन एलईडी आणि एक रेझिस्टर एका ओळीत असतात. तीन एलईडी मिळून नऊ-सव्वानऊ व्होल्ट घेतात, उरलेले पावणेतीन रेझिस्टरवर पडतात, आणि करंट किती वाहणार ते हा उरलेला भाग ठरवतो. १४.४ व्होल्ट दिले तर एलईडींचा वाटा थोडासाच वाढतो, रेझिस्टरवरचा मात्र पार वाढतो. म्हणून व्होल्टेज वीस टक्के वाढलं तरी करंट दीडपटीच्याही वर जातो, आणि रेझिस्टरची उष्णता दुपटीपलीकडे. पट्टी काही दिवसांत काळवंडते. उपाय दोन. चार्जर लावलेला असताना त्या बॅटरीवर पट्टी चालवू नका. किंवा मध्ये १२ व्होल्ट स्थिर ठेवणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर बसवा. नुसता ‘बक’, म्हणजे व्होल्टेज फक्त उतरवणारा, चालणार नाही, कारण त्याला बाहेर १२ द्यायला आत त्याहून एक-दोन व्होल्ट जास्त लागतात.

बॅटरी तळाला जाऊ नये म्हणून लो-व्होल्टेज कट-ऑफ असलेलं छोटं मॉड्यूल मिळतं. लेड-अ‍ॅसिडसाठी ते ११.८ ला तोडेल असं ठेवा. सोलरचा छोटा चार्ज कंट्रोलर घरात असेल तर त्याच्या ‘लोड’च्या टर्मिनलवर पट्टी जोडली तरी हे काम होतं, फक्त त्याची कट-ऑफ बरीच खाली, ११ च्या आसपास असते. त्याला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल, काढताना उलट.

बॅटरी ठेवायची कुठे

मखराच्या टेबलाखाली, पडद्याआड, हे सगळ्यांचं आवडतं ठिकाण आणि हेच सगळ्यांत वाईट. लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. सीलबंद बॅटरीतून तो एरवी फारसा येत नाही, पण चार्जर बिघडून जास्त भरत राहिला तर तिच्यातूनही येतो. झाकलेल्या जागेत तो साठतो, आणि दोन हातांवर समई, निरांजन, कापूर. बॅटरी पडवीत किंवा शेजारच्या खोलीत, हवेशीर कोपऱ्यात, लाकडी फळीवर ठेवा. पागोळ्यांचे शिंतोडे येत नाहीत एवढं बघा. चार्जिंग दिवसा तिथेच करा.

वायर भिंतीच्या कडेने, क्लिप मारून न्या. भजनाला सतरंज्या पडणार, त्यांच्याखालून वायर गेली की चाळीस माणसांच्या गुडघ्यांखाली ती रगडली जाते. दारातून न्यायची असेल तर चौकटीच्या वरून.

टर्मिनल आवळण्याआधी हातातली अंगठी, कडं, बांगड्या काढून ठेवा. पाना किंवा अंगठी दोन टर्मिनलांमध्ये अडकली तर धातू लाल होतो आणि बोट भाजतं. वायरीच्या टोकाला थिंबल, म्हणजे धातूची कडी, दाबून बसवा, नट घट्ट करा, वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्या, खारी हवा आत जात नाही. प्लस टर्मिनलवर रबरी टोपी असू द्या.

लाइट असताना पट्टी अ‍ॅडॅप्टरवर आणि गेल्यावर बॅटरीवर, असं हवं असेल तर दोन्हींच्या वायरी एकत्र पिळू नका. अ‍ॅडॅप्टर बॅटरीत मनमानी करंट ढकलतो. एक टू-वे स्विच घ्या: मधला पॉइंट पट्टीच्या प्लसला, एका बाजूला अ‍ॅडॅप्टरचा प्लस, दुसऱ्या बाजूला फ्यूजमधून आलेला बॅटरीचा प्लस. मायनस तिघांचे एकत्र. हात लावल्याविना बदल व्हावा असं वाटत असेल तर स्विचच्या जागी १२ व्होल्टचा रिले बसतो, ज्याची कॉइल अ‍ॅडॅप्टरवर असते. अ‍ॅडॅप्टर असेल तोवर रिले त्याच्याकडे, तो गेला की आपोआप बॅटरीकडे. पण पहिल्या वर्षी स्विचच बरा.

पहिल्यांदा पेटवताना

ही चाचणी चतुर्थीच्या आदल्या रात्री नको, चार-पाच दिवस आधी, मखराला कापड-कागद लागण्यापूर्वी. आधी फ्यूज काढून सगळं जोडा. मल्टिमीटरने बॅटरीचं व्होल्टेज आणि प्लस-मायनस तपासा. साधी एकरंगी पट्टी उलटी जोडली तर फक्त लागत नाही, पण रंग बदलणाऱ्या पट्टीचा कंट्रोलर उलट जोडणीने जळू शकतो. मग फ्यूज घाला. पट्टी लागली की अर्धा तास तशीच ठेवा आणि उलट्या हाताने फिरून बघा: फ्यूज होल्डर, प्रत्येक जोड, स्विच, पट्टीचं सुरुवातीचं टोक. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर तिथला जोड सैल आहे किंवा वायर बारीक आहे. पट्टी पेटलेली असताना तिच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त घट दिसली तर आधी जोड, मग वायर तपासा.

होडीवर काम करणाऱ्यांनाही हीच पद्धत लागू पडते, फक्त तिथे फ्यूज होल्डर पाणबंद घ्यावा आणि प्रत्येक फेरीनंतर जोड गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावा. हे डेकवर जाळं निवडताना दिसावं एवढ्यापुरतं. पाण्यावर प्रखर एलईडी सोडून मासे गोळा करण्यावर केंद्र सरकारने २०१७ मध्येच बंदी घातली आहे, आणि पारंपरिक मच्छीमारांचं त्यात होणारं नुकसान किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे.

विसर्जनानंतर

पट्टी सैल गुंडाळून, कोरड्या डब्यात, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. चाकरमानी परतीच्या गाडीला लागले की बॅटरी तशीच अर्धी रिकामी कोपऱ्यात पडते आणि पुढच्या भाद्रपदात मेलेली सापडते. लेड-अ‍ॅसिड पूर्ण भरून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरा. गावाकडे राहणाऱ्या कोणाकडे तरी हे काम सोपवून जा. लिथियम मात्र अर्धी भरलेली ठेवलेली बरी. दोन्हींच्या वायरी सोडवून, टर्मिनल झाकून.

बॅटरी संपलीच तर ती खाडीच्या काठाला किंवा माळरानावर टाकू नका, शिसं आणि अ‍ॅसिड तिथून विहिरीत उतरतं. नवी घेताना जुनी लेड-अ‍ॅसिड दुकानदार वजनावर परत घेतो आणि किमतीत सूटही देतो. लिथियमची असेल तर घेतानाच विचारून ठेवा, परत कोण घेणार. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती जबाबदारी उत्पादकावर आहे.